रक्तातली सूज

लग्न होऊन मी बालाघाटला आले तेव्हा माझा तोरा फार होता. कुणाच्याही कपाळावर तळहात ठेवायचा आणि ताप किती ते सांगून टाकायचं. शेजारणी लेकरं घेऊन माझ्याकडे यायच्या. घरातला थर्मामीटर मी लोणच्याच्या बरण्यांमागे ढकलून दिला होता. एवढी अक्कल एकाच बाईत कशी मावते, याचं मलाच कौतुक!

मागच्या हिवाळ्यात, ऐन म्हातारपणी, आमच्या ह्यांना लकवा मारला. डावा हात लुळा, तोंड वाकडं, गिळायची पंचाईत. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाली, "खून में सूजन है."

मी लगेच पांघरूण वर करून ह्यांचे घोटे दाबले. पोटऱ्या दाबल्या. कुठं खड्डा पडेना.

"सूज तं कुठंच नाही," मी ठणकावलं.

सून खुदकन हसली. "आई, पायात नाही. रक्तात."

"रक्ताले काहून सूज येईन? थे काय दारात सापडलेलं बोट हाय?"

डॉक्टरीणबाई लांजीकडची, आमच्याच बोलीची निघाली; हिंदी सोडून मराठीवर आली. "आजी, मेंदूले मार बसला का सगळं आंग खवळते. त्याची खूण रक्तात उमटते. आजोबाची लईच वाढली. म्हणजे न्यूमोनिया व्हायचं भेव जास्त. होईनच असं नाही, पण आपण सावध राहाचं. गिळणं सुधरेपर्यंत तोंडानं पाणीसुद्धा नाही, नाहीतं थे छातीत उतरते."

ती गेली आणि हे चहासाठी डोळ्यांनी विनवायला लागले. थर्मासमध्ये चहा होता. मी कपाळाला हात लावला. गार! तळहात म्हणे, दे दोन चमचे, काही होत नाही. रक्त म्हणे, थांब. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या तळहाताचं ऐकलं नाही. थर्मास सुनेच्या हाती देऊन बाहेर पाठवला.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, छाती घरघरायला लागली. पण नर्स आधीपासूनच डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. खाटेचा उशाकडचा भाग उंच केलेला, छाती घडोघडी तपासलेली. औषध तिथल्या तिथं सुरू झालं. मी आपली कोपऱ्यात थक्क. ज्या माणसाशी जन्मभर भांडले, त्याच्या आत काय शिजतंय याचा मला पत्ता नव्हता. आणि त्याच्याच चमचाभर रक्तानं, कपाळ गार असताना, सांगून ठेवलं होतं. त्या फिनेलच्या वासाच्या खोलीत मला गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं झालं. नकळत हात जोडले गेले. कुणाला जोडले, ते अजून ठरलं नाही.

हळूहळू रक्तातली ती सूज उतरली. मग गिळणं तपासलं आणि ह्यांना घोटभर चहा मिळाला.

घरी आल्यावर मी सवयीनं ह्यांच्या कपाळावर तळहात ठेवला. "ताप नाही," म्हटलं.

अर्ध्या तोंडानं हसत हे म्हणाले, "रक्ताले इचारलं का?"