अप्पाला भाकरी शिकवताना

सकाळी नऊ वाजता पेणला, आमच्या पापड गटाच्या खोलीत मी उकडीचं पातेलं उतरवत होते, तेव्हा रोह्याहून सलमाभाभींचा फोन आला. त्या माझ्या मोठ्या भावाच्या, अप्पाच्या, शेजारीण. "कुंदाताई, अप्पा दार उघडत नाय. हाका मारून घसा बसला. पोरं दार तोडतायत, तुम्ही निघा." मी पोचले तोवर दार तुटलं होतं आणि अप्पा स्वयंपाकघराच्या फरशीवर होता. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांचा... मी पर्समधून वही काढली आणि कुणाकुणाला कळवायचं याची यादी केली. मला तसंच सुचतं. लोक रडतात, मी आकडे घालून लिहिते. त्या यादीत अप्पाच्या बायकोचं, सुलभावहिनीचं नाव सातवं होतं. पहिले सहा फोन झाले आणि सातव्यापाशी मी थांबले. वहिनी चार वर्षांपूर्वी घर सोडून हमरापूरला माहेरी गेली होती. त्याआधीही दोनदा गेली होती, आणि दोन्ही वेळा तिला परत आणून त्या घरात घातली होती ती मी. आता आमचे धाकटे काका माझ्या खांद्याशी उभे राहून म्हणत होते, "तूच जा गो. तू गेलीस की येते ती. दहाव्याला बायको नको काय?"

अप्पाबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं तरी हात उगारल्याशिवाय तो आठवत नाही. आमचं गाव कासूजवळ. मी आठ वर्षांची असताना शाळेतल्या एका मुलाने मला बांधावरून चिखलात ढकललं. अप्पाने त्याला त्याच्याच कंपासपेटीने तोंडावर मारलं, पडल्यावरही मारलं, आणि त्याचा पडलेला दात मला आणून दाखवला. मला इतका अभिमान वाटला की तो दात मी दोन दिवस दप्तरात ठेवला. हे मुद्दाम लिहिते आहे. अप्पाचा मार दुसऱ्याला बसत होता तोवर मला तो आवडत होता.

पुढे तो रोह्याच्या एका कंपनीत लागला, शिफ्ट सुपरवायझर झाला. आणि तिथे त्याच्या डोक्यात चपाती बसली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तांदळाची भाकरी. गहू दुकानातून यायचा, सणाला. पण कंपनीतले घाटावरचे साहेब डब्यात तूप लावलेल्या चपात्या आणायचे, आणि अप्पाने ठरवलं, भाकरी खातो तो शेतकरी, चपाती खातो तो साहेब. लग्न झाल्यावर वहिनीला पहिला हुकूम तोच. तिला चपाती येत नव्हती. हमरापूरच्या मूर्तिकारांच्या घरातली मुलगी ती, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारी. केसाएवढी रेघ एका श्वासात ओढायची, पण चपाती वातड व्हायची. वातड झाली की ताट भिंतीवर. मग ताटाबरोबर ती.

एकदा अप्पाचा साहेब जेवायला आला होता. त्यानेच हौसेने भाकरी मागितली होती, म्हणून वहिनीने भाकरी केली. साहेब बोटं चाटत जेवला आणि जाताना म्हणाला, "काय हो, घरी हे असताना तुम्ही डब्यात चपात्या कसल्या आणता?" साहेबाची गाडी वळली आणि अप्पाने वहिनीचा डावा हात धरून तापल्या तव्यावर दाबला. मी दुसऱ्या दिवशी रोह्याला गेले आणि काय केलं ते सांगते. यादी केली. एक, मलम. दोन, डॉक्टर ओळखीचा नको. तीन, कुणी विचारलं तर तेल उडालं म्हणायचं... माझ्याच अक्षरातली ती यादी. वहिनी हमरापूरला गेली तेव्हा पंधरा दिवसांनी मी तिला समजावून परत आणली. मुलीची शाळा, अप्पाची नोकरी, लोक काय म्हणतील... मुद्देसूद बोलले. मुद्देसूद बोलणाऱ्या माणसापुढे दुखावलेल्या माणसाला काही बोलता येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्या वेळी तिच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. तेव्हाही मीच गेले आणि तिला घेऊन आले.

तिसऱ्या वेळी अप्पाने लाटण्याने तिचं उजवं मनगट मोडलं. हाड वाकडं जुळलं. त्या हाताने पुन्हा कधी डोळा आखता आला नाही. आता ती माहेरच्या कारखान्यात मूर्तींना अंगरंग देते, मोठ्या ब्रशने. या वेळी मी गेले नाही. लाज वाटली म्हणून नाही, मार्च अखेरची पापडांची ऑर्डर होती म्हणून. तेही खरं तेच लिहिते.

त्याच वर्षी अप्पा वाळायला लागला. खाल्लेलं अंगी लागेना, दिवसातून आठ-आठ वेळा संडासला, पँट दोरीने बांधायची वेळ. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, गहू बंद, आयुष्यभर. मैदा, रवा, बिस्किट, सगळं बंद. आतडं इतकं खराब झालंय की सध्या दूध-तूपही नको. मासळी-मटण तर त्याच्या पोटात ठरतच नव्हतं. अप्पा उभा राहिला आणि त्याने टेबलावरच्या फायली हाताने उडवल्या. "गहू काय इष हाय? वीस वर्षं खातोय मी!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वीस वर्षं खाताय, म्हणूनच." मी खाली बसून फायली गोळा करत होते. जी चपाती नीट होत नाही म्हणून त्या बाईची हाडं मोडली, तीच याला आतून खात होती. मला हसू आलं. त्या हसण्याची मला अजून भीती वाटते.

गाडीत बसल्यावर अप्पा म्हणाला, "सुलभाला आण. तिला भाकरी येते."

मी हमरापूरला गेले. हो, गेले. वहिनी पत्र्याच्या शेडमध्ये मूर्तींच्या रांगेत बसली होती, कोपरापर्यंत गुलाबी रंगाने माखलेली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्सं, पयल्यांदा आलात तवा माझा हात भाजलेला. दुसऱ्यांदा आलात तवा बरगड्या. आता काय, मान शिल्लक हाय म्हणून आलात?" ती उठून हात धुवून आली. "मी येनार नाय. पन उपाशी मरूदे असं पन म्हननार नाय. रीत सांगते. लिवून घ्या, तुमाला लिवायला आवडतं."

मी लिहून घेतलं, ते इथे देते, कारण पुष्कळ घरांत आता गहू सोडावा लागणारी माणसं आहेत. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून बारीक दळलेलं पीठ. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी, चवीला मीठ, चमचाभर तेल. पाण्याला खळखळून उकळी आली की पीठ एकदम ओतायचं, लाटण्याच्या टोकाने ढवळायचं, गॅस बंद, झाकण, दहा मिनिटं. मग परातीत काढून मळायचं. इथे वहिनी थांबली आणि माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे खाली रेघ मारून लिवा. गरम असतानाच मळायचं. थंड झालं की कड फाटते. हात भाजतो. भाजूदे." पोळपाट-लाटणं नवं, गव्हाचं पीठ कधी न लागलेलं. पातळ लाटायची, तापल्या तव्यावर टाकायची, फोड आले की उलटायची, जास्त ठेवायची नाही, कडक होते. उतरवली की लगेच फडक्यात, एकीवर एक, म्हणजे वाफेने मऊ राहते. मग आत आटवलेलं वालाचं बिरडं, ओल्या खोबऱ्याची चटणी, काकडी, असं काहीही भरून गुंडाळी करा, मोडत नाही.

अप्पाने तो कागद वाचला आणि फाडला. मी दुसरा काढून दिला. तोही फाडला. तिसरा मी भिंतीला चिकटवला आणि म्हटलं, "कर नायतर मर." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी असं बोलले. त्याचा हात वर आला, माझ्या कानापर्यंत आला... आणि त्याला तोल सांभाळायला ओट्याला धरावं लागलं, इतका तो खंगला होता. पहिले आठ दिवस भाकरी फाटत होत्या. फाटली की गोळा भिंतीवर, परात लाथेने दारापर्यंत, शिव्या गल्लीभर. उकड थंड करून मळत होता, म्हणून फाटत होत्या. नवव्या दिवशी त्याने वाफाळत्या उकडीत दोन्ही हात घातले आणि ओरडून बाहेर काढले. तळवे लाल झाले होते. बराच वेळ तो तळव्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एवढं गरम असतं व्हय?"

"तव्यापेक्षा कमीच," मी म्हटलं.

त्याने पुन्हा हात घातले. त्या दिवशी भाकरी फुगली.

त्यानंतर तो रोज करत होता. त्याची मुलगी मयूरी पुण्याला असते. तिने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, हा तर ग्लुटेन-फ्री व्हेगन रॅप झाला, लोक हॉटेलात मागून खातात." तो कंपनीत तीच गुंडाळी नेऊ लागला आणि चपाती खाणाऱ्यांपुढे मिरवू लागला, जसं काही यानेच शोध लावला. माणूस बदलला असं मात्र मी लिहिणार नाही. एकदा गिरणीवाल्याने गव्हानंतर जातं न पुसता त्याचा तांदूळ दळला. अप्पा तीन दिवस आजारी पडला, आणि चौथ्या दिवशी उठून गिरणीत जाऊन त्या म्हाताऱ्याला पिठाच्या पत्र्याच्या मापाने डोक्यात मारलं. सहा टाके. पोलीस आले, मी मध्ये पडून मिटवलं. तेव्हापासून त्याने घरी मिक्सरवर पीठ करायला सुरुवात केली. तुम्हीही तसंच करा, किंवा गिरणी सकाळी उघडल्या उघडल्या आणि पुसून घेतल्यावर दळून आणा.

एकदा त्याने माझ्याकडे डबा दिला. पाच भाकऱ्या, फडक्यात गुंडाळलेल्या. "तिला दे," एवढंच. मी हमरापूरला नेला. वहिनीने एक भाकरी उचलली, उजेडाकडे धरली, कड दोन बोटांत चाचपली. "कड जाड हाय," म्हणाली, आणि पाचही भाकऱ्यांचे तुकडे करून अंगणात कोंबड्यांना घातले. रिकामा डबा घासून माझ्या हातात दिला. अप्पाने विचारलं, "काय म्हनली?" मी सांगितलं, कड जाड आहे म्हणाली. कोंबड्यांचं सांगितलं नाही. तेव्हापासून तो कड पातळ लाटायला लागला.

आणि मग तो दिवस. काका खांद्याशी उभे, यादीत सातवं नाव. मी फोन लावला. "वहिनी, अप्पा गेला. तुम्ही येऊ नका. कुणी न्यायला आलं तरी येऊ नका." पलीकडून मग, "बरं," आणि फोन बंद. काकांनी मला सगळ्यांदेखत कैदाशीण म्हटलं. दहावा, तेरावा तिच्याशिवाय झाला.

पाच आठवड्यांनी ती आपणहून आली, एकटी, भर दुपारी. घर रिकामं करायला मी रोह्यालाच होते. तिच्यासाठी काय काढून ठेवू, असं मी विचारलं, तर म्हणाली, "काय नको. वन्सं, पक्कड हाय काय?" मी आणून दिली. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरची खिडकी चाचपायला लागली. त्या स्वयंपाकघरात मी किती वेळा बसले असेन. अंधार असतो म्हणून दुपारीही ट्यूब लावत होते. खिडकी का उघडत नाही, हे कधी विचारलं नाही. वहिनीने रंगाचा पापुद्रा नखाने काढला, खाली खिळ्याचं डोकं होतं. "ज्या दिवशी तवा लावला ना, भाभी पलीकडून ओरडली, अप्पा, सोड तिला. दुसऱ्या दिवशी यानं खिळे ठोकले."

उजव्या मनगटात जोर नव्हता, म्हणून ती डाव्या हाताने ओढत होती, भाजल्याच्या वणाच्या हाताने. एक खिळा निघाला की माझ्या तळहातावर ठेवायची. मी मदत करू का विचारलं तर नुसती मान हलवली. अकरा खिळे. शेवटच्याला झडप करकरली आणि पलीकडे सलमाभाभी दोरीवर कपडे घालताना दिसल्या, चार हातांवर. त्यांनी ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला. "सुलभा? अगो, कवापासून वाट बघतेय ही उघडायची." वहिनीने गजांतून हात बाहेर काढला आणि भाभींनी तो धरला. बोलायचं होतं ते माझ्याकडे होतं आणि मला ते आलं नाही.

परवा घर दुरुस्तीला सुतार आला होता. चौकटीतली अकरा भोकं बघून म्हणाला, "ताई, भोकांत लांबी भरून वरून रंग मारला की काय पन दिसनार नाय." मी नको म्हटलं.