भितरकनिका: माजी सासूबाईंबरोबर मगरींच्या खाडीत

हिवाळ्यात तो फोन आला तेव्हा मी नागपुरात बेसा चौकातल्या भाजीवाल्याकडे सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होते. फोनवर लकडगंजच्या आई होत्या, म्हणजे माझ्या माजी सासूबाई. त्यांच्या मुलाचा आणि माझा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली, पण त्यांच्यासाठी दुसरी हाक काही तोंडात बसली नाही. त्यांनी टीव्हीवर ओडिशातलं मगरींचं जंगल पाहिलं होतं. समुद्र तर जन्मात पाहिला नव्हता, आणि घरी कोणाला सवड नव्हती. "तू येशीन काय?" त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून गेले.

घरी आल्यावर मात्र शंका आली. दिवाळीच्या फोनापलीकडे आमचं बोलणं उरलं नव्हतं. मग आताच काहून? समजूत घालून मला परत न्यायचं असेल, असं मनानं धरलं आणि मी नकाराची वाक्यं जुळवायला लागले.

भितरकनिकाला नागपूरहून जाणं तसं सोपं आहे. पुरीकडे जाणारी गाडी पकडून कटकला उतरायचं. थंडीत आरक्षण लवकर करा. आईंनी तिखट पुऱ्या आणि लसणाची चटणी एवढी आणली होती की समोरच्या बाकावरचं कुटुंबही जेवलं. मी वरच्या बर्थवर पडून माझी वाक्यं घोकत होते. खाली आई शेजारणीला मी कोण ते सांगत होत्या. "माही वर्षा आहे," एवढंच त्या म्हणाल्या. नातं सांगितलंच नाही.

कटकहून केंद्रापाडामार्गे जंगलाच्या गुप्ती फाटकापर्यंत टॅक्सीने तीनेक तास लागतात. शेवटचा रस्ता अरुंद, पण सुंदर: प्रत्येक घरामागे तळं आणि तळ्यात बदकं. वाटेत छेनापोड नक्की खा, भाजलेल्या ताज्या पनीरची ही मिठाई कडेला खरपूस लागते. फाटकावर परवाना मिळतो, आधारकार्ड जवळ ठेवा. बोट पूर्ण भाड्याने घ्यावी लागते, म्हणून चार-सहा जण असाल तर स्वस्त पडेल. आम्ही दोघींनी अख्खी बोट घेतली. उन्हाळ्याच्या शेवटी मगरी अंडी घालतात तेव्हा जंगल बंद असतं.

रात्री मुक्कामी भात आणि डाळमा, म्हणजे भाज्या घातलेली डाळ, जेवलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बोटीनं निघालो. दोन्ही काठांना खारफुटी, तिची मुळं चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली. निळे खंड्या पक्षी, एक भली मोठी घोरपड, चिखलावर उड्या मारणारे मासे. आणि मगरी. पहिली दिसली तेव्हा मला तो वाळत पडलेला ओंडकाच वाटला. आई मात्र जरा हिरमुसल्या. समुद्र कुठं आहे, असं त्यांनी नावाड्याला विचारलं. तो तोडक्या हिंदीत म्हणाला, समुद्र लांब आहे, पण रोज इथपर्यंत येतो. आईंनी नावाड्यानं भरून दिलेल्या मगातलं पाणी जिभेला लावलं. खारट होतं. त्यांचं समाधान झालं.

पक्षी दाखवायला नावाड्यानं बोट एका चिंचोळ्या फाट्यात घातली आणि परतताना ती चिखलात रुतली. ओहोटी लागली होती. बांबूनं रेटून झालं, इंजिन घुरघुरून थांबलं. भरती येईस्तोवर बसावं लागेल, असं सांगून तो मागच्या टोकाला जाऊन आडवा झाला. समोरच्या काठावर एक मगर जबडा उघडून पडली होती, आणि मधलं पाणी बघता बघता कमी होत होतं. फोनला रेंज नव्हती. मी आईंचा हात घट्ट धरला.

"काहून वं, मगरीले भेली का मले?" त्यांनी विचारलं.

मी हात सोडला नाही.

"तुले वाटून राहिलं असन का म्हातारी परत न्याले आली. मी तशी नाही आली. तू गेली ते बराबर केलं. मले फक्त तुह्याशी बोलणं बंद नव्हतं करायचं."

मी घोकलेल्या वाक्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. मला रडू आलं आणि लगेच हसूही. आईंनी पिशवीतून उरलेल्या पुऱ्या काढल्या, नावाड्यालाही उठवून दिल्या. मग त्या आपल्या नणंदेच्या सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, काय काय बोलत राहिल्या. दुपार कलली तेव्हा बोटीखाली पाण्याचा चुळुक चुळुक आवाज झाला. बोट हलली, सुटली. मगर तिथंच होती.

नागपूर स्टेशनवर त्यांना घ्यायला त्यांचा मुलगा आला होता. प्रवास कसा झाला, त्यानं विचारलं. छान झाला, मी म्हटलं. मला बेसाला सोडू का, हेही त्यानं विचारलं. मी ऑटोनं जाईन म्हटल्यावर आईंनी आग्रह केला नाही. "पोचली का फोन करजो," एवढं म्हणून त्या गाडीत बसल्या.

भितरकनिकाला जा. भरती-ओहोटीची वेळ विचारून जा, टोपी न्या, आणि परतीच्या दिवशी घाई ठेवू नका. मी घरी पोचले, कुलूप काढलं आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच आईंना फोन लावला.