मॉडेम चालतोय की

काकूंचा नवरा पंखे दुरुस्त करायचा. बंद पडलेली वस्तू चालू करणाऱ्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. त्या घरात कुठल्याच वस्तूला मरायची परवानगी नव्हती. कपाटावरचा इंटरनेटचा मॉडेम तर कनेक्शन घेतल्या दिवसापासूनचा, पिवळा पडलेला, तापला की मान टाकणारा. तो तापू नये म्हणून काकांनी त्याच्या डोक्यावर एक इवलासा पंखा बसवला होता. "काय सुरेख चालतोय बघ," असं ते कौतुकाने म्हणायचे, ते पंख्याबद्दल की मॉडेमबद्दल, हे विचारायचं काकूंनी सोडून दिलं होतं.

काकू पुढच्या खोलीत कपडे उसवून-बेतून द्यायच्या. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून अख्खी इमारत त्यांना टाचणीकाकू म्हणायची. मॉडेम बदला, असं त्या वर्षभर सांगत होत्या. मालिका मधेच अडकते म्हटलं, तर काका म्हणाले, "पुढे काय होणार ते तुला माहीतच असतं." गिऱ्हाइकांनी पाठवलेले नमुन्यांचे फोटो उघडत नाहीत म्हटलं, तर म्हणाले, "उघडतात की, सावकाश. तोवर दोन काजं करून घे." शेवटी वैतागून काकूंनी परस्पर केबलवाल्यालाच बोलावलं. त्याने तारा तपासल्या, मोबाइलवर काहीतरी मोजलं आणि मॉडेमवरच्या पंख्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"काकू, टाकी भरलेली आहे, पण तोटी बारीक आहे. तुम्ही पैसे भरताय वेगवान नेटचे, ह्या जुन्या मॉडेममधून तेवढं बाहेरच पडत नाही. नवा लावा, चित्र अडकायचं नाही."

"दिवे लागतायत ना त्याचे?" काकांनी विचारलं.

"लागतायत."

"मग चालतोय की. बिघडली तर वस्तू बदलायची. चालती वस्तू टाकायची म्हणजे माज झाला."

केबलवाल्याने चहा संपवला आणि तो गेला. काकूंना वाटलं, त्या पंख्यासकट सगळं खिडकीबाहेर भिरकावून द्यावं.

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. हळूहळू, कपड्याचा रंग उडावा तसं. समोरच्याचे ओठ दिसले की बोलणं कळायचं. नाही दिसले, तर नुसती गुणगुण. त्यावर त्यांनी आपली युक्ती काढली होती. गिऱ्हाइकाला आरशाकडे तोंड करून उभं करायचं आणि मागे बसून टाचण्या लावता लावता आरशात त्याचे ओठ वाचायचे. कमरेत सैल हवंय की घट्ट, सगळं बरोबर समजायचं. बोलायची वेळ आलीच, तर तोंडात टाचण्या होत्याच.

नवऱ्याला तरी सांगायचं, असं कुणी म्हणेल. पण काकूंनी आपल्या सासूबाईंचं पाहिलं होतं. त्यांचे कान गेले तेव्हा घरातले आधी ओरडून सांगायचे, मग थोडक्यात सांगायला लागले, आणि पुढे पुढे सांगायचंच सोडून दिलं. घरातल्या खुर्चीसारखी ती बाई शेवटची काही वर्षं बसून होती. काकूंना त्या खुर्चीची धास्ती होती.

आणि लेक होती, एकुलती एक, लग्न होऊन परदेशात गेलेली. तळमजल्यावरच्या त्या घरात मोबाइलला रेंज नाही, तेव्हा रविवारचा व्हिडिओ कॉल त्या मॉडेमच्याच कृपेने व्हायचा. लहानपणी ती आईच्या तोंडाकडे टक लावून बोलायला शिकली होती. आता आई तिच्या तोंडाकडे टक लावून ऐकायची. चित्र अडकलं की काकूंचं ऐकणंही तिथेच अडकायचं.

अशात काकांना अक्कल सुचली. एका रविवारी त्यांनी व्हिडिओ बंदच करायला लावला. "आता बघ, आवाज कसा खणखणीत येतो."

"तोंड तरी बघू द्या तिचं," काकू म्हणाल्या.

"तोंड काय बदललंय का? बोलणं महत्त्वाचं."

तेव्हापासून काकू काळ्या पडद्यापुढे बसून मान हलवू लागल्या. फोन ठेवल्यावर आडून विचारायच्या, "कशी वाटली तुम्हाला?" काका म्हणायचे, "बरी आहे." अर्ध्या तासाचं बोलणं हा माणूस दोन शब्दांत आणून ठेवायचा.

त्या रविवारीही फोन टेबलावर होता, स्पीकर चालू, पडदा काळा. काकू मांडीवरच्या झग्याला दुमड घालत होत्या. बोलणं चाललं होतं, म्हणजे गुणगुण चालली होती. मग ती थांबली. काकूंना वाटलं, आवरतं घ्यायची वेळ झाली.

"बरं, ठेवते मग," त्या हसून म्हणाल्या. "जावयांना विचारलं म्हणून सांग."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, हे काकूंनी आता पाहिलं.

"अगं, तू दगड आहेस का?" ते म्हणाले. "पोरगी रडतेय. काय विचारतेय आणि तू काय बोलतेस?"

काकूंनी झगा जमिनीवर आपटला.

"मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. तोंड दिसलं तरच कळतं मला. आणि तुम्ही तिचं तोंडच बंद करून ठेवलंत. चालतोय की, चालतोय की. कोणाला चालतोय?"

काकांनी घाईघाईने फोन उचलून व्हिडिओ लावला. लेकीचा चेहरा आला आणि अर्ध्यातच थिजला, तोंड उघडं, डोळे मिटलेले. काकूंनी फोन हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. ओठ हलेनात. त्या थिजलेल्या ओठांकडे बघून त्यांना रडू फुटलं.

काका त्यांच्या समोर जमिनीवर बसले. एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "नवऱ्याने तिला सोडलं. चार महिने तिने हे कुणाला सांगितलं नाही. ती तुला विचारतेय, घरी येऊ का."

काकूंनी फोन तोंडाशी नेला. "ये," त्या म्हणाल्या. आपला आवाज किती मोठा झालाय हे त्यांना कळत नव्हतं. "ये. विचारतेस काय? मिळेल त्या विमानाने ये."

मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "येते म्हणाली," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर काका उठून कपाटापाशी गेले. त्यांनी पंखा काढला, मॉडेमची वायर उपटली आणि पाठमोरेच उभे राहून बराच वेळ काहीतरी बोलले. काकूंना फक्त त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "इकडे तोंड करून बोला."