रक्तातला हिरवा उजेड

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी मालाडच्या खाडीकाठची कोळीण, बोरिवलीच्या बाजारात मासळी विकायची. त्या वर्षी पाटी डोक्यावर घ्यायला हात वर जाईनात. बसलेली उठायची तर कुणीतरी ओढावं लागे. बोटांची पेरं लाल होऊन सोलली, तेव्हा सगळ्या म्हणाल्या, बर्फामिठाचे हात असेच व्हायचे. पण पुढे पापण्याही जांभळ्या झाल्या आणि माझ्या मनानं घेतलं, ही करणी, आणि करणारी माझी थोरली जाऊ. आमचं आधीपासून जमत नव्हतंच. मी चारचौघांत तिचं नाव घेतलं, तिच्या हातचं पाणी सोडलं. एकवीरा आईवरही रुसले. दंडवत घालायचं बळ जिनं काढून घेतलं, तिला हाक तरी कशाला मारायची, असं वाटे.

एका सकाळी एक बाई पापलेट घ्यायला थांबल्या. स्वतः मासे खात नव्हत्या, बहिणीकडच्या पाहुण्यांसाठी आल्या होत्या. त्या माझ्या बोटांकडे, मग डोळ्यांकडे बघत राहिल्या.

"मावशी, केस विंचरायला हात वर जातात का हो?"

माझ्या अंगावर काटा आला. विंचरता येत नाही म्हणून मी केस पदराखाली झाकत होते, आणि ते लाजेनं कुणालाच सांगितलं नव्हतं. बाई एका मोठ्या इस्पितळात रक्त तपासायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला तिथे नेलं.

रक्त घेतलं, दंडातला मांसाचा तुकडाही काढला. आजाराचं नाव डर्मॅटोमायोसायटिस. माझी जीभ अजून अडखळते. बाई म्हणाल्या, "रक्तात पहारेकरी असतात, मावशी. तुमचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजलेत." मग अंधाऱ्या खोलीत त्यांनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. बाईंनी लावलेल्या रंगानं काळोखात हिरवे ठिपके लखलखत होते. वल्हं मारलं की अंधारात खाडीचं पाणी पेटतं ना, तसे. माझ्या रक्तानं जिथे चुकून झडप घातली, तिथे तिथे तो उजेड होता. इतक्या बारीक जागी, कुणी बघत नसताना, एवढं सगळं चाललेलं. मी हात जोडले. भीतीपेक्षा मोठं काहीतरी मनात दाटून आलं. बाहेरून कुणी काही केलं नव्हतं, जावेनं तर मुळीच नाही.

घरी न जाता मी तिच्या दारात गेले. "वयनी, मी तुझं नाव उगाच घेतलं."

तिनं सुकटीतून मान वर केली नाही. "वाडाभर बोंबललीस, नि आता एवरी हलू बोलतंस?" मग माझा पदर सरकलेला दिसला तशी उठली, फणी घेऊन आली. "बस गो खाली. काय करून ठेवलंस केसांचं."

गोळ्यांनी तोंड सुजलं, हात वर यायला वर्ष लागलं. तोवर रोज सकाळी तिनं माझा अंबाडा घातला. लोक विचारतात, एकवीरा आईनं बरं केलं का डॉक्टरांनी? मी वाद घालत नाही. त्या बाईंना कुणी धाडलं, हेही मला ठाऊक नाही. नुसतं आठवलं तरी डोळे भरतात. आईला शरण जाणं मी देव्हाऱ्यापुढे कधी शिकले नाही. जिला वैरीण ठरवलं तिच्यापुढे मान खाली घालून बसले, आणि तिचे हात माझ्या डोक्यावर होते.