आडवी तार

शिवाजी पेठेत फुटबॉलवरून गल्ली गोळा होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण साध्या तारेवरून गल्ली गोळा व्हायची ती फक्त जोतीराम इंगवलेच्या दारात. एसटीच्या वर्कशॉपातून वायरमन म्हणून रिटायर झालेला हा माणूस, रीतसर परवाना काढून हौसेखातर वायरलेस चालवायचा. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं, ताकद पाच वॅट, देवघरातल्या बारक्या बल्बाएवढी. एवढ्याशा जोरावर हाक कुठवर जाईल हे यंत्र ठरवत नाही, त्याला जोडलेली एरियलची तार ठरवते. म्हणून त्याचं अर्धं आयुष्य गच्चीवर तारा बांधण्यात आणि सोडण्यात गेलं.

गेली बारा वर्षं मात्र त्याची तार आडवीच होती. आपल्या गच्चीवरून समोरच्या तालमीच्या छपरापर्यंत, वीस मीटर, बुटकी, धुणं वाळत घालावं तशी. अशा तारेचा स्वभावच असा, की हाक सरळ वर जाते आणि आभाळाला लागून आसपासच्या दोन-चार जिल्ह्यांत उतरते. लांबचं तिला फारसं साधत नाही. जोतीरामला लांबचं नकोच होतं. त्याला कुरुंदवाड हवं होतं.

कुरुंदवाडला त्र्यंबकमास्तर होते. शाळेत विज्ञान शिकवायचे; जोतीरामकडून परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास त्यांनीच करून घेतला होता. चार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि मास्तरांचा आवाज गेला. जन्मभर शिकवलेल्या माणसाचा आवाज जावा, याहून वाईट थट्टा नाही. फोनवरचे मेसेज त्यांना नकोसे वाटायचे. एकदा कागदावर त्यांनी जोतीरामला लिहून दिलं होतं, ‘मेसेजमध्ये मी पेशंट असतो. मोर्सवर नसतो.’ तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला दोघं यंत्राची कळ दाबून टिंब-रेघांत बोलत बसायचे. कळीवरचा मास्तरांचा हात जोतीराम हजारात ओळखायचा. आज आमटी खारट झाली, एवढी खबरसुद्धा आभाळात जाऊन पेठेत उतरायची.

मग गेल्या डिसेंबरात जोतीरामला जपानची हाव सुटली. पाच वॅटवर जपान गाठलं की हौशी मंडळींत मान ताठ होते. त्यासाठी तार उभी हवी. उभ्या तारेची हाक जमिनीलगत निघून लांबवर जाते, पण जवळच्या माणसाचं तिला काही ऐकू येत नाही. दोन्ही तारा बांधायला गच्चीत जागा नव्हती. तेव्हा आडवी तार सोडायची, अर्धी पाण्याच्या टाकीला बांधलेल्या कळकावर चढवायची आणि अर्धी खाली अंथरायची, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी त्यानं मास्तरांना कळवलं, “मास्तर, आठ दिस गावायचो न्हाय. जपान घिऊन येतो.”

पलीकडून मोजकं उत्तर आलं, “जा. मी पाचला आहेच.”

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेल्या माणसाचे आठ दिवस आठ कधीच नसतात. रोज पाचला त्याला मास्तर आठवायचे, आणि ‘आज एवढं बघतो, उद्या तार आडवी करतो’ म्हणत तो पुन्हा जपानला हाका मारायचा. जानेवारीच्या शेवटी, दिवेलागणीला, तिकडच्या कुणा अनोळखी माणसानं त्याची हाक झेलली. जोतीराम गल्लीभर पेढे वाटत फिरला. तार तरीही उभीच राहिली. एकदा आलं ते पुन्हा येईल, ही आशा वाईट.

फेब्रुवारीत मास्तरांच्या पत्नीचा, मीनाक्षीवहिनींचा, फोन आला. मास्तर झोपेतच गेले होते.

दहाव्याचे विधी आटोपून जोतीराम घाटावरून मास्तरांच्या घरी आला. यंत्र टेबलावर तसंच होतं. वहिनींनी त्याच्यापुढे एक वही ठेवली. कुणाला कधी हाक मारली ते असल्या वहीत टिपून ठेवायची हौशी लोकांची रीतच आहे.

“रोज पाचला बसायचे, भावजी,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हणायचे, भावजींना ऐकूच येणार नाही तर कशाला दमता? तर नुसते हसायचे.”

जोतीरामनं पानं उलटली. तारीख, पाच वाजता, ‘जोतीरामला हाक. उत्तर नाही.’ खाली पुन्हा तेच. उरलेला डिसेंबर तेच, पुढे जानेवारीतही तेच.

मग जानेवारीतली ती तारीख आली. मास्तरांच्या तारेवर जोतीराम येत नव्हता, पण जपानचं ते स्टेशन दणदणीत होतं, ते कुरुंदवाडलाही ऐकू आलं होतं. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘सहा वाजून दहा मिनिटं. जपाननं जोतीरामचं नाव घेतलं. स्वतः ऐकलं. पोरगं पास झालं. आता उद्या येईल.’

त्याखाली एकोणीस ओळी होत्या. एकोणीसही सारख्याच.

वहिनींनी चहा आणून ठेवला. जोतीरामनं तो घेतला नाही. वही मांडीवर धरून, मान वर न करता तो म्हणाला, “तार आडवी करायला अर्धा तास लागतो, वहिनी. अर्धाच तास लागतो की.”