पॅनेलवरचा कलश

साकोलीजवळच्या एका उसन्या, म्हणजे धान उकडून केलेल्या, तांदळाच्या गिरणीत मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून रुजू झाले, तेव्हा मालक पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, आपली गिरणी सिस्टिमवर चालते." सिस्टिम म्हणजे ते स्वतः, हे कळायला मला आठवडा लागला.

मुख्य पॅनेल मात्र खरोखर चांगलं होतं. त्याचे दोन भाग, प्रत्येकाला वेगळा ट्रान्सफॉर्मर. आतल्या तांब्याच्या जाड पट्ट्या, म्हणजे बसबार, मधोमध कपलर नावाच्या एका मोठ्या स्विचने जोडलेल्या. एका बाजूला काही बिघडलं की रिलेने, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या छोट्या डब्याने, कपलर उघडायचा आणि ती बाजू तोडायची, म्हणजे दुसरी चालू राहते. धान भिजवायच्या टाक्यांचे पंप आणि बॉयलर डावीकडे, तांदूळ पॉलिश करायची यंत्रं उजवीकडे.

रिले आपलं काम इमानदारीने करायचा, तेच मालकांना खुपलं. पावसाळ्यात उजवीकडच्या एका केबलमध्ये पाणी शिरलं आणि तीन दिवसांत चार वेळा ती बाजू बंद पडली.

"हा डब्बा काहून घडीघडी बंद करून राहिला? गिरणीचा मालक मी हाव का हा?"

"केबल खराब आहे, सर. ती बदलली की थांबेल."

"केबल दिवाळीनंतर बदलू. तुम्ही याचं तोंड बंद करा."

मी केलं. रिलेच्या दोन तारा काढल्या आणि त्यांच्या टोकांना टेप गुंडाळला. अगदी नीट गुंडाळला, डिप्लोमा वाया जाऊ नये म्हणून. तीस वर्षं तिथेच काढलेला म्हातारा वायरमन बाजूला उभा होता. तो एवढंच म्हणाला, "बाई, मुक्याले आणखी मुकं केलं तुमी."

दसऱ्याला सकाळी मालक झब्बा घालून गुरुजींसह यंत्रपूजेला आले. यंत्रं थांबवलेली होती, पंप आणि बॉयलर तेवढे चालू. टाक्यांत आदल्या दिवसापासून धान भिजत होतं. मी म्हटलं, "सर, तेवढ्यापुरतं पॅनेल बंद करते."

"लक्ष्मीची पूजा अंधारात? सणाच्या दिवशी कायले अपशकुन करून राहिल्या?"

भंडाऱ्याहून खास आणलेला पितळेचा कलश त्यांनी स्वतः स्टुलावर चढून पॅनेलच्या डोक्यावर ठेवला. काठोकाठ पाणी, वर आंब्याची पानं. तिथेच केबल आत जायचं भोक उघडं होतं. त्याच्यावरची झाकणपट्टी मी दोनदा मागितली होती. मालकांनी खालून झेंडूचा हार फेकला, तो कलशात अडकला. त्यांनी ओढला.

कलश लवंडला, पाणी सरळ डावीकडच्या बसबारवर. असा धमाका झाला की माझ्या कानात दिवसभर शिटी वाजत होती. पॅनेलचं दार बंद होतं म्हणून कोणाला भाजलं नाही. सगळ्यात आधी गुरुजी फाटकाबाहेर पोचले, त्यांच्या मागे एका पायात चप्पल घातलेले मालक. रिलेच्या तारा काढलेल्या, कपलर कोणी उघडणार नव्हतं, त्यामुळे उजवीकडूनही करंट त्याच जाळात येत राहिला. दोन्ही बाजू गेल्या, बाहेरच्या खांबावरचे फ्यूजही गेले. उजवी बाजू वाचली असती तर तिच्यावरून पंप चालवता आले असते. चार दिवसांत टाक्यांतलं धान आंबलं. हायवेवरून जाणाऱ्या एसटीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे.

मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. "रिपोर्टमध्ये उंदीर लिहा, मॅडम."

"उंदराने कलश ठेवला?"

त्यांना हसू आलं नाही. मलाही नव्हतं आलं.

पॅनेल दुरुस्तीला नागपूरहून इंजिनिअर आला. त्याने दार उघडून त्या दोन तारा बाहेर काढल्या. "हे कोणी केलं?"

मालक खिडकीबाहेर बघू लागले.

"मी," मी म्हटलं. म्हातारा वायरमन मागून म्हणाला, "हात बाईचे होते साहेब, हुकूम यांचा होता." आणि त्याने सरळ मालकांकडे बोट केलं.

रिपोर्टात मी पाणीही लिहिलं आणि टेपही. सही केली. नोकरी जाईल असं वाटलं होतं, गेली नाही. दुसरं कोणी साकोलीला यायला तयार नव्हतं. नवे बसबार बसले, तारा जोडल्या, केबलही दिवाळीआधीच बदलली. इंजिनिअरने चाचणी घेतली तेव्हा कपलर खटकन उघडला, उजवीकडचे दिवे गेले, डावीकडचे चालू राहिले.

"अर्धेच गेले?" मालक म्हणाले.

आता बाहेरचे पाहुणे आले की ते त्यांना पॅनेलपाशी नेतात आणि ही सोय आपण स्वतः डोकं लावून करून घेतली, असं सांगतात. मी शेजारीच उभी असते. मान डोलावते.