पळून जाणारं जहाज

ऑफिसात तिला सगळे ‘उजवी’ म्हणायचे. डाव्या कानाने तिला काहीच ऐकू येत नसे, त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर खुर्ची ओढून उजव्या बाजूला बसावं लागे. वय बेचाळीस. काम असं, की ऐकून नातेवाईक आधी हसत आणि मग विचारत, “ते ठीक आहे गं, पण नोकरी काय करतेस?” व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्यावर चालून येणारी शत्रूची अंतराळजहाजं कॉम्प्युटर चालवतो. ती कशी लढतील, कधी वळतील, कधी गोळी झाडतील, हे उजवी ठरवायची.

एका शुक्रवारी सकाळी गेमची चाचणी करणारी मुलगी तिच्याजवळ आली.

“ताई, रागावणार नसाल तर एक गंमत दाखवते.”

तिने गेम सुरू केला आणि चक्क डोळे मिटले. खडकामागे गेली, तीनपर्यंत मोजलं, वळली, गोळ्या झाडल्या. पुन्हा तेच. डोळे उघडले तेव्हा चार जहाजं पडली होती.

“बाराच्या बारा अशीच येतात, ताई. कुणी जोरात, कुणी हळू. पण येतात सगळी नाकासमोर.”

पोरगी खोटं बोलत नव्हती. उजवीने बारा जहाजांना बारा रंग दिले होते, वेग बदलले होते, तोफा बदलल्या होत्या. स्वभाव मात्र एकच होता. आणि पुढच्या गुरुवारी अकरा वाजता गेम बाजारात आणणाऱ्या प्रकाशकांच्या बाई स्वतः तो खेळायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर काम पुढे, नाहीतर दोन वर्षांची मेहनत पाण्यात आणि नऊ माणसं नऊ दिशांना.

टीमचे साहेब म्हणाले, “सहा दिवसांत नवं काही काढू नकोस. आहे तेच जरा चकचकीत कर.”

“मेलेल्याला पावडर लावून काय होणार, सर?”

साहेबांना ते झोंबलं. “कर मग काय करायचं ते,” ते म्हणाले, “पण फसलं तर नाव तुझं.”

शनिवारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. शेजारी खिडकीशी बाबा. आई गेल्यापासून ते तिच्याकडेच राहत. जन्मभर मुलांना मुष्टियुद्ध शिकवलेला माणूस. आता हात इतके थरथरत की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे.

तो डावा कान या दोघांच्या मधला विषय होता, आणि सव्वीस वर्षांत तो कुणी काढला नव्हता. सोळाव्या वर्षी एका सामन्यात दुसऱ्या फेरीत ती दमून दोरांपर्यंत मागे सरली होती. कोपऱ्यातून बाबा ओरडले होते, “पुढे हो! पुढे!” ती पुढे झाली आणि कानशिलावर ठोसा बसला. त्यानंतर तिने हातमोजे घातले नाहीत. बाप-लेक बाकी सगळ्यावर बोलत: भाजीवर, शेजाऱ्यांवर, गुडघ्यांवर.

दोन दिवसांत तिने चार स्वभाव उभे केले. एक हट्टी: मोठं, जड, समोरून येणार, कशालाही वळणार नाही. एक चुगलखोर: स्वतः गोळी झाडत नाही, लांबून पाठलाग करतं आणि तुम्ही कुठे लपलात ते बाकीच्यांना सांगतं. एक सोबतीण: हट्टीच्या बगलेला चिकटून असते, आणि हट्टी फुटलं की पिसाटते. चौथं भित्रं. त्याचं कवच तीस टक्क्यांवर आलं की त्याने पळायचं, खडकाआड दम घेत कवच भरू द्यायचं आणि मग मागून यायचं. प्रत्येकाचा काहीतरी इशाराही ठेवला, इंजिनाची लाली, जरासं तिरकं होणं. कारण मार कुठून येणार हे बघणाऱ्याला कळायची सोय हवी, नाहीतर तो खेळ राहत नाही, छळ होतो.

तिघं जमली. भित्रं काही जमेना. ते पळे, कवच एकतीसवर गेलं की वळे, एक गोळी खाऊन पुन्हा पळे. दाराच्या उंबऱ्यावर आत-बाहेर करणाऱ्या माणसासारखं ते जागच्या जागी थरथरत राही.

“हे का नाचतंय?” बाबांनी विचारलं.

तिने सांगितलं. बाबा पडद्याकडे झुकले.

“त्याला लवकर परत पाठवतेयस तू. एकदा मागं सरलं ना, की छाती भरेपर्यंत पुढे यायचं नाही. अर्ध्या श्वासावर परत आलेला मार खातो.”

तिने तीसला पळायचं आणि सत्तर झाल्याशिवाय परतायचं नाही, असा नियम घातला. जहाज पळालं, थांबलं, लांबून वळसा घालून आलं. थरथर थांबली.

“जमलं, बाबा.”

तिने मान वळवली. बाबा कपात बघत होते.

“तू तेव्हा बरोबर मागं सरली होतीस,” ते म्हणाले. “मीच तुला अर्ध्या श्वासावर ढकललं. लोक बघत होते ना.”

“चहा गार झाला,” ती म्हणाली आणि कप घेऊन ओट्याकडे गेली. पातेलं ठेवलं, गॅस लावायचा मात्र विसरली.

बुधवारी साहेबांनी चारही जहाजं पाहिली. तीन पसंत. “हे पळणारं काढ. शत्रू पळाला की लोकांना वाटेल गेम बिघडला.”

“सर, ते परत येतं.”

“काढ म्हटलं ना.”

तिने “बरं” म्हटलं आणि काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं धडधडीत खोटं बोलली होती.

गुरुवारी अकराला बाई आल्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. कंट्रोलर घेतला आणि खेळायला लागल्या. मागे नऊ माणसं भिंतीला टेकून. हट्टी आलं, बाईंनी पाडलं. सोबतीण पिसाटली, बाई जेमतेम वाचल्या. मग भित्रं आलं, तीन गोळ्या खाल्ल्या आणि पळालं.

साहेबांनी उजवीवर असे डोळे रोखले की ती भिंतीतच शिरायची बाकी राहिली.

चाळीस सेकंदांत ते परतायला हवं होतं. ती मनात मोजत होती. चाळीस झाले. साठ झाले. ऐंशी. गेलं, कुठेतरी अडकलं. बाईंनी दोन जहाजं पाडली, मग थांबल्या. समोर रिकामं आकाश. त्यांनी आपलं जहाज हळूच एकदा डावीकडे वळवलं, एकदा उजवीकडे.

“एक बाकी आहे ना?”

साहेबांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात बाईंच्या जहाजामागे लाली उमटली. त्या वळेपर्यंत उशीर झाला होता.

“अगं आई गं!” बाई खुर्चीतच उडाल्या. पडदा काळा झाला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मग तिसऱ्यांदा.

“हे पळणारं कुणी केलं?”

“मी,” उजवी म्हणाली. “सरांनी काढायला सांगितलं होतं. मी काढलं नाही.”

बाईंनी साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “राहू दे ते,” एवढंच बोलल्या.

काम पुढे गेलं. साहेब मात्र पंधरा दिवस तिच्याशी चिठ्ठ्यांतूनच बोलले, आणि त्यांचं चुकलं असं तिला कधी वाटलं नाही. त्या दुपारीच तिने शोधून काढलं, की जहाज खरंच दोन खडकांच्या फटीत अडकलं होतं. सुटलं ते नशिबाने. तिने ती चूक दुरुस्त केली आणि सगळ्यांना सांगूनही टाकलं. दुरुस्त झाल्यावर भित्रं बरोबर चाळिसाव्या सेकंदाला परतू लागलं, आणि चाचणीवालीने दुसऱ्याच दिवशी पुन्हा डोळे मिटून ते पाडलं. तेव्हा उजवीने त्याच्या थांबण्याला मोजमापच ठेवलं नाही. कधी अर्धं मिनिट, कधी दोन. कधी कधी तर ते येतच नाही.

बाबांना तिने हे सगळं जेवताना सांगितलं. ते हसले. म्हणाले, “न येणाऱ्याचीच भीती जास्त.” मग दोघांनी पहिल्यांदा त्या सामन्याबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि समोरची मुलगी डावखुरी होती की नव्हती यावरून चांगलंच भांडण झालं.